हातातून हातात नको

बिस्किटांच्या चौकोनी डब्यात माझे नऊ चाकू.
झाकण काढलं की आधी खोबरेलाचा वास,
मग लोखंडाचा.
शेजारच्या पाटणकरीण विचारतात, बाईमाणसाला कशाला हे?
मी म्हणते, पेन्शन येते, दुसरं व्यसन नाही.

आजोबांचा, आगबोटीवरचा.
पात्याशेजारी एक दाभण आहे, दोरखंडाच्या गाठी सोडवायचं.
माझगावच्या गोदीत ते उतरले ते कायमचेच.
दाभण तेव्हापासून मिटलेलं. उघडायला जावं
तर आत मीठ किरकिरतं,
किंवा मला तसं वाटतं.

शिंगाच्या मुठीचा आईच्या उशाखाली असायचा,
आम्हा दोघांच्या बाळंतपणात,
भास होऊ नयेत म्हणून.
त्यानं आयुष्यात काही कापलं नाही.
कारखान्याचं नाव पात्यावर अजून वाचता येतं.

एक परळच्या पोस्टातला, पार्सलांची सुतळी कापायचा.
निवृत्तीच्या दिवशी परत द्यायला विसरले.
विसरले नाही.

चोरबाजारातल्या एकावर कुणाची तरी आद्याक्षरं:
दुसऱ्याचा वारसा, दीडशे रुपयांत.
बाकीच्यांची नावं घेत बसत नाही.

पर्समध्ये मात्र रोज तो लाल प्लास्टिकवाला,
अब्दुल रहमान स्ट्रीटच्या फुटपाथवरचा, चाळीस रुपयांचा.
दुधाची पिशवी, गोळ्यांची पट्टी, खोक्याची चिकटपट्टी,
एकदा लिफ्टच्या दारात अडकलेली कुणा पोराची नाडी.
घरंदाज मंडळी डब्यात तेल पिऊन पडून असतात,
हा राबतो.

आणि अण्णांचा.
केबल जोडायचे ते, रस्त्याखाली, खड्ड्यात उकिडवे बसून
शिशाचं आवरण सोलायचे,
मग आतले कागद, पदर पदर,
जसं कुणी लहान मुलाचे ओले कपडे उतरवावेत.
इल्यासभाई धारवाले सायकल स्टँडवर चढवून म्हणाले,
बाई, आता याला धार म्हणजे उरलंसुरलं घालवणं.
बोटभर रुंद पातं होतं, काडीएवढं राहिलंय.
बाकीचं गेलं कुठे?
हिंदमातेपासून वडाळ्यापर्यंत
दिवे लागतात तेव्हा मी बघते.

वाटणीच्या दिवशी भालूनं खोली घेतली
आणि हा माझ्या हातात दिला.
थेट हातात.
खाली ठेवायचा असतो, दुसऱ्यानं मग उचलायचा,
आईनं दोघांनाही शिकवलं होतं.
अकरा वर्षं बोललो नाही.
मी दोष त्या एवढ्याशा गोष्टीला देते.
सोपं पडतं.

परवा वहिनीचा फोन. केईएममध्ये आहेत, पोटाचं ऑपरेशन,
मोसंबं मागतायत.
लाल चाकू घरी ठेवून मी अण्णांचा घेतला.

फाटकावर यंत्र ओरडलं.
गणवेशाच्या छातीवर नाव: लोखंडे.
मला हसू आलं, त्यांना नाही.
चाकू खणात गेला, मला पत्र्याचा बिल्ला मिळाला, सतरा नंबर.

मोसंबं नखांनी सोललं.
साल तुकड्यातुकड्यांनी निघाली, रस कोपरापर्यंत.
"चाकू नाही?" भालूनं विचारलं. "तुझ्याकडे?"
हसायला गेला, टाके ओढले, थांबला.
"फाटकावर आहे," मी म्हटलं. "अण्णांचा."
तो फोडीतल्या बिया काढत राहिला,
एकेक, माझ्याच तळहातावर ठेवत.

परत निघाले तर पात्याला कांद्याचा वास.
"मावशी, डबा खाताना वापरला, रागावू नका,"
लोखंडे म्हणाल्या, "धार काय आहे हो!"
आणि चाकू पुढे केला.
"हातात नको. टेबलावर ठेवा."
बुचकळ्यात पडल्या, पण ठेवला.
मी उचलला, न पुसता मिटला.

उद्याची मोसंबी घरूनच सोलून न्यावीत का,
हिंदमातेच्या पुलापर्यंत हेच डोक्यात.
मग वाटलं, नको.
नखांनीच.